थैली लहान, गडी सात

बेळगावच्या पश्चिमेस चंदगड तालुका लागतो. तालुका महाराष्ट्राचा, जिल्हा कोल्हापूर. परंतु तेथील माणसांचा बाजारहाट, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता पिढ्यान्‌पिढ्या बेळगावातच होत आला आहे. या तालुक्यातील हुंदळेवाडी हे गाव २०१८ पर्यंत पंचक्रोशीबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी प्रो कबड्डीच्या लिलावात तेथील सिद्धार्थ देसाई या तरुण चढाईपटूस यू मुंबा या संघाने ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती. आमच्याकडे त्या आठवड्यात पानाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत दुसरा विषय नव्हता.

पुढे घडले ते मात्र विचार करावयास लावणारे आहे. सिद्धार्थने आपले काम चोख बजावले. दुसऱ्याही हंगामात त्याचे गुण दोनशेच्या वर गेले. ज्या मुंबईच्या संघात तो ३६ लाखांत खेळला, तो संघ बाद फेरीपर्यंत पोचला होता. ज्या हैदराबादच्या संघात तो दीड कोटीच्या घरात खेळला, तो बारा संघांत अकरावा आला. गडी तोच, त्याचे गुणही तेवढेच. आणि संघ मात्र बुडाला.

हे कोडे उलगडावयाचे तर खेळाडूकडे नव्हे, थैलीकडे पाहिले पाहिजे. या लिलावांत प्रत्येक संघाच्या खर्चाला एक कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. मालक कितीही धनवान असो, त्याला त्या थैलीबाहेर हात घालता येत नाही. २०१८ मध्ये ही थैली ४ कोटींची होती, २०१९ मध्ये ४ कोटी ४० लाखांची. म्हणजे मुंबईने सिद्धार्थसाठी आपल्या थैलीचा अकरावा हिस्सा दिला, तर हैदराबादने जवळजवळ तिसरा. उरलेल्या दोन हिश्शांत राखीव गडी धरून वीसएक जणांची मोट बांधावयाची. संघाच्या अपयशाचे हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. खेळात एकच कारण कधी नसते. पण प्रपंच करणाऱ्या प्रत्येकास हा हिशेब ओळखीचा वाटेल. लग्नात सगळा पैसा मांडवावर घातला की पंगतीत वाढावयाला तूप उरत नाही.

ठरावीक पैशांत संघ बांधण्याचा हा नाद जगात इतरत्रही जुना आहे. अमेरिकेत बेसबॉल या खेळाचे वेड आपल्याकडील क्रिकेटासारखेच. तेथे हाल रिचमन नावाच्या गृहस्थाने १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्त्यांचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नावाचे एक पान, त्यावर त्याच्या मागील हंगामातील कामगिरीनुसार आकडे; फासे टाकावेत, पान पाहावे आणि घरबसल्या सामना खेळावा. पुढे १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका खाणावळीत जमून खऱ्या खेळाडूंचा कागदी लिलाव मांडला. प्रत्येकाजवळ ठरावीक रक्कम. २३ खेळाडूंसाठी २६० डॉलर हा नेम पुढे रूढ झाला. तेव्हापासून तिकडे असंख्य माणसे निरनिराळ्या मर्यादांचे कागदी संघ बांधत असतात. प्रौढ माणसांचा हा पोरखेळ आहे असे वाटेल. परंतु बुद्धिबळाचे प्यादे तरी कोठे खरे शिपाई असते?

आमच्या शाळेत हा खेळ आला तो पावसामुळे. बेळगावचा पाऊस वाचकांना सांगावयास नको. जून सरला की क्रीडांगणाचे भातशेत होते आणि खेळाच्या तासाला पन्नास मुले वर्गात कोंबून बसवावी लागतात. एका वर्षी मी जुन्या लग्नपत्रिका कापून तीस पाने केली. मुलांना क्रिकेटचे खेळाडू हवे होते. मी कबड्डीचे घेतले, कारण तो खेळ त्यांच्या पायांना ठाऊक होता. प्रत्येक पानावर एका गड्याचे नाव, तो चढाईचा की पकडीचा, दोन फाशांची बेरीज किती आली म्हणजे तो यशस्वी ठरेल ते, आणि खाली त्याचे मोल. सर्वांत चांगल्या चढाईपटूचे मोल ४०, चांगल्या कोपरारक्षकाचे २० आणि अगदी साध्या गड्याचे ३. सात गड्यांचा संघ करावयाचा. नववीचे तीन गट पाडले आणि पाने तीच ठेवून एका गटाला ६० मोलांची मर्यादा दिली, दुसऱ्याला १०० ची, तिसऱ्याला १४० ची.

१४० वाल्या गटाला आपण श्रीमंत झालो असे वाटले. पाच मिनिटांत सगळ्यांचे संघ तयार झाले आणि वाचून पाहतो तो काय, जवळजवळ सारे सारखेच! तोच ४० चा चढाईपटू, तेच दोन कोपरे, तोच दुसऱ्या फळीचा आक्रमक. निवडण्यासारखे काही उरलेच नव्हते. मग जिंकणे-हरणे सारे फाशांवर. दोन तासांत ती मुले कंटाळली. ६० वाल्या गटात निम्म्या मुलांनी ४० चा मोहरा घेतला आणि उरलेल्या २० मध्ये तिघांच्या मोलाचे सहा गडी कसेबसे भरले. उरलेल्यांनी आठ-नऊ मोलांचे सात मध्यम गडी घेतले. या मध्यम संघांनी मोहऱ्याच्या संघांना बहुतेक सामन्यांत लोळविले. खरी गंमत १०० च्या गटात झाली. तेथे मोहरा घेऊनही साठ उरतात, म्हणजे मोह आणि विवेक दोन्ही परवडतात. तो घ्यावा की न घ्यावा यावर मुले मधली सुट्टी बुडवून भांडत राहिली. त्या गटातील एका मुलीने मोहरा सोडला, २६ आणि १८ चे दोन आक्रमक घेतले, दोन्ही कोपरे विसाविसांचे घेतले आणि उरलेल्या सोळांत तीन साधे गडी बसविले. मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, “सर, चढाईवाला बाद झाला तर त्याला परत आणणारं कुणीतरी पाहिजे की!”

कबड्डीचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. जुन्या वाचकांना आठवत असेल, आपल्याकडे हुतुतूचे तीन प्रकार खेळले जात: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. गामिनीत बाद झालेला गडी, एका बाजूचे सगळे बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी ही या संजीवनीचीच संतती. आता पाहा, एकच गडी तिन्ही प्रकारांत एकाच मोलाचा राहणार नाही. अमरमध्ये मोहरा कधीच बाहेर जात नाही, म्हणून त्याच्यावर थैली रिती करावी. गामिनीत तो एकदा गेला की गेला, म्हणून तेथे सगळेच गडी बरे हवेत. संजीवनीत मात्र त्याचे मोल त्याच्या साथीदारांवर ठरते. तो बाकावर बसला म्हणजे त्याचे दीड कोटीही त्याच्याबरोबर बाकावर बसतात, आणि त्यांना उठवून आणण्याचे काम पाच-सात लाखांच्या गड्याला करावे लागते.

प्रो कबड्डीच्या इतिहासात याचे दाखले भरपूर आहेत. पवन सेहरावत या हरहुन्नरी चढाईपटूचेच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये बंगळूरच्या संघाने त्याला ५२ लाख ८० हजारांना घेतले आणि त्या हंगामाचे विजेतेपद पटकाविले. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख दिले; थैली तेव्हाही ४ कोटी ४० लाखांचीच, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका गड्यावर. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. संघ बुडावयास हवा होता. पण नरेंदर या नवोदिताने चढायांचा भार उचलला आणि थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोचले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. थैली आता ५ कोटींची झाली होती, तरी निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. पवन खेळला, गुणही मिळविले. संघाने बावीस सामन्यांत दोन जिंकले आणि शेवटचे स्थान घेतले.

त्याच २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख दिले. रक्कम काही लहान नव्हे. पण शादलुई हा मुख्यतः पकडीचा गडी, डाव्या कोपऱ्याचा. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याचेच. शिवाय पुण्याने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदारसारखी तरुण मुले आधीपासून आपल्याच पंखाखाली वाढविली होती, त्यामुळे मोठा गडी घेऊनही संघ पोकळ राहिला नाही. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटण प्रथमच विजेते झाले. दुसऱ्या वर्षी हरियाणा स्टीलर्सने शादलुईला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि तेही विजेते झाले. त्यावरून कोणी समजेल की कोपरा विकत घेतला की चषक आपोआप घरी येतो. तर तसे नव्हे. २०२५ मध्ये गुजरातने त्याला २ कोटी २३ लाख दिले आणि विजेतेपद दिल्लीला गेले. तरीही माझा कल त्या नववीतल्या मुलीच्या बाजूने आहे. पकड करणारा एका झटक्यात तीन कामे करतो: गुण मिळवितो, प्रतिपक्षाच्या मोहऱ्याला बाकावर धाडतो आणि आपल्या मोहऱ्याला परत बोलावतो. टाळ्या मात्र चढाईवाल्यास पडतात, आणि लिलावातील हात बहुतेक वेळा टाळ्यांच्या मागोमाग वर जातात.

खेळ बदलला की हे गणितही बदलते. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघास ५० लाख डॉलरांची मर्यादा होती. चेन्नईने महेंद्रसिंह धोनीसाठी त्यांतील १५ लाख, म्हणजे थैलीच्या दहांतले तीन हिस्से, एकट्यावर घातले. हैदराबादने सिद्धार्थ देसाईवर घातले त्याच्या आसपासच. पण चेन्नई अंतिम सामन्यापर्यंत गेली. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक-कर्णधार बाद झाला तरी उरलेला अर्धा सामना तो मैदानात उभाच असतो. त्याचे मोल बाकावर बसत नाही. आणि त्या अंतिम सामन्यात, नवी मुंबईत, शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरविले कोणी? सर्वांत स्वस्तात विकल्या गेलेल्या राजस्थानच्या संघाने, ज्याने लिलावातही हात आखडताच ठेवला होता. शेन वॉर्नसारखा मुरलेला कर्णधार साडेचार लाख डॉलरांत मिळाला आणि सलामीला आला गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर, ज्याचे नाव लिलावाच्या यादीतही नव्हते. नऊ सामन्यांत त्याने ३११ धावा केल्या. गोव्यातल्या आणि आमच्या सीमाभागातल्या मुलांना तो उन्हाळा अजून आठवतो.

बेसबॉलमध्ये आणखी निराळे. तेथे नऊ फलंदाज ठरल्या क्रमाने पाळीपाळीने येतात. मोहरा कितीही थोर असो, त्याच्या वाट्याला नवव्या हिश्शाहून फारसे अधिक येत नाही. म्हणून तेथे एका थोर फलंदाजापेक्षा तीन बरे फलंदाज पुष्कळदा अधिक कामाचे. ऑकलंडच्या संघाने हे ओळखले. २००२ मध्ये त्यांचा पगारपत्रकावरील खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा सुमारे साडेबारा कोटी. ऑकलंडचा उत्तम फलंदाजही यांकीजनीच पळविला होता. ऑकलंडने मग दिसावयास ओबडधोबड, पण चेंडू सोडून देऊन फुकटचा तळ गाठण्याची चिकाटी असलेले स्वस्त गडी गोळा केले. हंगामअखेर दोन्ही संघांचे विजय सारखेच होते: १०३. अजिंक्यपद दोघांनाही मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही त्यात गफलत करतात. मोल आधीच छापलेले असेल तर मर्यादा वाढविल्याने संघ सुधारतो. परंतु मोल लिलावात ठरत असेल आणि सगळ्यांचीच थैली वाढली, तर वाढतो तो फक्त भाव. आमच्या नववीच्या वर्गात एके दिवशी मी छापील मोले खोडून बोली लावावयास सांगितले. साठांची थैली असताना तो ४० चा मोहरा ३१ ला गेला. १४० ची थैली दिल्यावर तोच मोहरा ७५ ला गेला. गडी एका बोटाने उंच झाला नव्हता. क्रिकेटच्या लिलावातही हेच. २०१८ मध्ये ८० कोटींची असलेली थैली २०२५ च्या हंगामासाठी १२० कोटींची झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे ऋषभ पंतची बोली २७ कोटींवर, आपल्या मुंबईकर श्रेयस अय्यरची पावणेसत्तावीस कोटींवर गेली. संघ मात्र अकरांचेच राहिले. निपाणीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. भाव मालात असतो की घेणाऱ्याच्या खिशात, हा प्रश्न तेथील तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसून विचारला होता आणि त्याचे मोल रक्ताने दिले होते.

छापील मोलांचा कागदी संघ गेल्या दहा वर्षांत प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत येऊन बसला. ‘ड्रीम ११’ हे त्याचे सर्वांत गाजलेले नाव. मुंबईच्या दोन तरुणांनी २००८ मध्ये काढलेला हा उद्योग. खऱ्या सामन्यातील दोन्ही संघांतून अकरा खेळाडू निवडावयाचे, प्रत्येकाचे मोल ठरलेले, एकूण मर्यादा १०० ची. कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. आमच्या नववीच्या खेळाहून निराळे काय? एवढेच की, भाग घेण्यास पैसे भरावयाचे. हा जुगार की कौशल्य, यावर न्यायालयांत बराच खल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यास कौशल्याचा खेळ म्हटले. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कायदा करून पैशाचे असे खेळ बंद केले. कर्नाटक उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द ठरविली.

मधल्या त्या चार महिन्यांत आमच्या सीमाभागात जी मौज झाली ती दिल्ली-मुंबईच्या विद्वानांना कळावयाची नाही. दूरध्वनीला आपण कोठे उभे आहोत ते कळते. निपाणीत बसून संघ बांधणे निषिद्ध. कोगनोळी नाका ओलांडून दूधगंगेच्या पलीकडे कागलला गेले की तोच मनुष्य, तेच अकरा खेळाडू, तीच शंभरांची मर्यादा कायदेशीर. सामन्याच्या दिवशी सायंकाळी पूल ओलांडून ‘चहाला’ जाणारे तरुण मी ऐकून आहे. ज्या रेषेपायी आमच्या दोन पिढ्यांचे आयुष्य गेले, तिने शेवटी कौशल्य आणि जुगार यांचीही वाटणी केली! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ देशभर बंद करणारा कायदा संमत केला, तेव्हा दूधगंगेचे दोन्ही काठ पुन्हा सारखे झाले.

माझे मत विचाराल तर, संघ बांधण्यात कौशल्य आहे, निःसंशय आहे. न्यायालयाने न सांगताही मी ते नववीच्या वर्गात पाहिले आहे. परंतु लाखो माणसे एकाच सामन्यावर संघ बांधतात तेव्हा कौशल्य असलेल्यांचीच संख्या बक्षिसांहून किती तरी मोठी असते, आणि चालकाचा वाटा आधी बाजूला निघतो. कागदी मर्यादा शंभरांची असते. खिशाला मर्यादा घालणारे त्या खेळात कोणी नसते. विड्या वळून घर चालविणाऱ्या बाईच्या मुलाने रात्री दहानंतर दूरध्वनीत कोणता संघ बांधला, हे तिला महिनाअखेरीस हिशेबाच्या वेळी कळते. अशा दोन आया शाळेच्या पायरीवर येऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

याहून मला अधिक बोचते ते निराळेच. अलीकडे खेडोपाडी ‘लीग’ भरतात, त्यांत गावचीच पोरे लिलावात उभी करतात. पैसे खरे नसतात. प्रत्येक संघमालकास काही हजार गुण देतात आणि ध्वनिक्षेपकावरून बोली लागते. आमचा एक माजी विद्यार्थी, उत्तम कोपरारक्षक, अशाच एका गावी लिलावाला उभा होता. मूळ मोल शंभर गुण. पुकारणाऱ्याने तीनदा विचारले. एकही हात वर झाला नाही. मग ध्वनिक्षेपकावर ‘अनसोल्ड’ हा शब्द साऱ्या गावाने ऐकला. त्यात त्याची आई होती, बहीण होती. दुसऱ्या फेरीत एका संघाने त्याला मूळ मोलाला घेतले, पण तो खेळावयास गेला नाही. चार दिवसांनी त्याचे वडील मला बाजारात भेटले. गुरांचा व्यापार करणारा तो मनुष्य. म्हणाला, “गुरुजी, संकेश्वरच्या बाजारातनं म्या कितींदा बैल परत आणलाय. भाव रुमालाखाली ठरतोय, चारचौघांत कुणी बैलालाबी ‘तुला गिऱ्हाईक न्हाई’ असं वरडून सांगत न्हाई.”

सिद्धार्थ देसाईची बोली लागते तेव्हा त्यात त्याचा चरितार्थ असतो. करार असतो, पुढील वर्षी दुसऱ्या संघाचे दार उघडे असते. गावच्या पोराला लिलावातून काय मिळते? एक आकडा, जो शेजारच्या पोराच्या आकड्याहून लहान असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात असा लिलाव ठेवावा अशी सूचना आली, तेव्हा मी ती नाकारली. आम्ही जुनीच रीत चालवितो: दोन नायक, आणि मुले जोडी-जोडीने कानात नावे ठरवून येतात. ‘कोण घेणार चंद्र, कोण घेणार सूर्य?’ कोणी चंद्र होते, कोणी सूर्य. कमी मोलाचे कोणीच नाही. काही तरुण शिक्षकांना हे जुनाट वाटते. वाटो.

कागदावरचा लिलाव मात्र अवश्य खेळावा. मे महिन्याच्या सुट्टीत घरातील मुलांना गुंतवावयाचे असेल तर वाचकांनी करून पाहावा. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या गुणांवरून पाने तयार करावीत. हे काम मुलांनाच द्यावे, त्यात टक्केवारी आपोआप घोटविली जाते. पाने तीसांहून कमी नकोत, नाहीतर चौघांना संघ पुरत नाहीत. मर्यादा ठरविताना सगळ्या पानांच्या मोलाची सरासरी काढावी, तिला सातांनी गुणावे आणि त्याहून थोडी कमी मर्यादा द्यावी. एवढ्यात भांडण पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी हीच पाने घेऊन गामिनीच्या नियमाने खेळावे, तिसऱ्या दिवशी अमरच्या, आणि प्रत्येक वेळी संघ नव्याने बांधू द्यावा. कालचा लाडका गडी आज कोणी घेत नाही, हे पाहण्यासारखे असते. फासे लाकडाचे घ्यावेत. प्लॅस्टिकचे फार लांब पळतात आणि अर्धा वेळ कपाटाखाली शोधण्यात जातो.